रविवारच्या बैठकीबद्दल

मंडळी, या रविवारी संध्याकाळी ५ वाजता विश्रामबागेत नेहमीच्या खोलीवर भेटू. विषय: दत्तक असणं आणि व्यसनमुक्ती. दारू सुटल्यावर 'माझे जन्मदाते कोण?' हा प्रश्न आपल्यातल्या काहींना जास्तच छळतो, म्हणून मुद्दाम ठेवलाय.

२०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार १८ वर्षं पूर्ण झालेली दत्तक व्यक्ती मूळ शोधासाठी (म्हणजे आपले जन्मदाते शोधण्यासाठी) स्वतः अर्ज करू शकते. तिऱ्हाइताला तो करता येत नाही. जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्यांची संमती लागते. म्हणजे नकारही येऊ शकतो. अर्ज टाकण्याआधी स्पॉन्सरशी, म्हणजे आधीच दारू सोडलेल्या आपल्या जुन्या मार्गदर्शक साथीदाराशी बोला, घाई नको. (नव्यानं दारू सोडलेल्यांनी तर मुळीच नको, असं माझं मत.)

घरच्यांना आणू नका, त्यांची बैठक वेगळी घेऊ. अवेळी तलफ आली तर व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, टोल फ्री.