पुरंदरावरची 'मिल्ख' आणि एक यादी

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई

स.न.वि.वि.

माझी आजी दुधाला 'मिल्ख' म्हणायची. चेष्टेनं, आम्हा नातवंडांना हसवायला. हा शब्द तिला पुरंदरावर मिळाला होता. दुसरं महायुद्ध चालू होतं, गडावर सरकारनं जर्मन कुटुंबं आणून ठेवली होती आणि तिचे वडील, आबा, पायथ्याच्या नारायणपूरहून वर दूध घालायचे. आठ वर्षांची आजी लहानशी चरवी घेऊन त्यांच्या मागं चढायची. वर बराकीच्या ओट्यावर तिच्याच वयाची एक मुलगी पेला धरून उभी असायची. ती चरवीकडे बोट करून म्हणायची, 'मिल्ख'. आजी म्हणायची, 'दूध'. दोन पावसाळे दोघींचं बोलणं एवढंच. एकदा त्या मुलीनं आजीची सुटलेली वेणी आपल्या निळ्या रिबिनीनं बांधून दिली. घरी आल्यावर पणजीनं ती रिबीन चुलीत घातली. परक्यांची म्हणून.

"ते इंग्रजांचे दुश्मन होते का जर्मनांचे, आमच्या आबांना शेवटपर्यंत कळलं नाही," असं आजी सांगायची.

मंत्रिमहोदय, आबांना कळलं नाही यात नवल नाही, तेव्हाच्या सरकारचाही गोंधळच होता. गडावरच्या त्या जर्मनांमध्ये ज्यूही होते, हिटलरच्या तावडीतून सुटून आलेले. १९३८ च्या सप्टेंबरअखेर जर्मनीत ज्यू डॉक्टरांचे परवाने रद्द झाले. नोव्हेंबरात एका रात्रीत सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनामंदिरं) जाळली, दुकानं फोडली आणि आठवडाभरात ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढून टाकलं. पासपोर्टवर 'ज्यू' असल्याची खूण म्हणून लाल 'जे' आधीच उमटला होता. देश सोडायचा तर माणशी दहा मार्क घेऊन सोडा, घरदार इथंच. एवढं सोसून, कुणाची तरी हमी मिळवून, इटालियन बोटीनं सुवेझमार्गे मुंबई गाठायची. मुंबईतल्या ज्यूंनी १९३४ मध्ये काढलेली 'ज्युइश रिलीफ असोसिएशन' ही हमी द्यायची, म्हणून तर कित्येकांचं निभावलं.

आणि मग ३ सप्टेंबर १९३९. युद्ध जाहीर झालं तसे जर्मन पासपोर्टवाले सगळे 'शत्रूराष्ट्राचे नागरिक' ठरले. ज्याच्यापासून पळून आलो त्याच्याच गोटातले म्हणून पुरुषांना नगरच्या छावणीत नेलं. पुढं चौकशी होऊन बऱ्याच जणांना सोडलं, पण काही कुटुंबं पुरंदरासारख्या ठिकाणी नजरकैदेत राहिली. १९४१ च्या नोव्हेंबरात तर जर्मनीनं परदेशातल्या ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं. बर्लिन म्हणे तुम्ही आमचे नाही, मुंबई म्हणे तुम्ही त्यांचेच. आबांचा प्रश्न काही वेडगळ नव्हता.

यातले जे मोकळे राहिले त्यांनी मुंबईला बरंच दिलं. आकाशवाणीची सकाळची ती धून बांधली वॉल्टर कॉफमन यांनी, ते १९३४ साली मुंबईत आलेले ज्यू संगीतकार. व्हिएन्नाच्या हिल्डे होल्गर यांनी मुंबईत नृत्यशाळा काढली. पण या मोठ्या नावांची काळजी नको, ती कुणी ना कुणी लिहून ठेवतंच. पेला धरून उभ्या राहणाऱ्या पोरीचं कुणी लिहीत नाही.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांचं स्मारक कोल्हापुरात आहे आणि वॉर्सातही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सात तिथं पुष्पचक्र वाहिलं. म्हणजे हे आपल्याला जमतं. पुरंदरासाठी माझं मागणं त्याहून पुष्कळ लहान आहे. स्मारक नको, उद्घाटन नको. मुंबई सरकारच्या त्या काळच्या फायली आपल्या पुराभिलेख संचालनालयाकडे आहेत. त्यांत पुरंदर, सातारा, नगर इथं ठेवलेल्या कुटुंबांची जी नोंद सापडेल ती स्कॅन करून लोकांसाठी खुली करावी, आणि जे दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात असेल त्याच्या प्रती आपण मागवाव्यात. गडावर माहिती लिहाल तेव्हा या लोकांसाठी दोन ओळी ठेवा. शंभूराजांचा जन्म, मुरारबाजींचं रण, यातलं त्यानं काही उणं होत नाही. (काही मंडळी 'गडावर शिवकाळच हवा' म्हणतील. त्यांना पडकं चर्च दाखवा, ते आधीच तिथं उभं आहे.)

यादी मला कशाला हवी तेही सांगते. गडावर सगळेच ज्यू नव्हते. नाझी समर्थकांची घरंही त्याच माचीवर असू शकतील, मिशनरीही असतील. ती मुलगी कोणत्या घरातली, आजीला ठाऊक नव्हतं. पण १९३९ च्या जानेवारीपासून जर्मनीत एक नियम होता: ज्यू बाई-मुलीचं नाव अस्सल ज्यू वाटत नसेल तर कागदोपत्री तिच्या नावात 'सारा' घालायचं, पुरुषाच्या नावात 'इस्राएल'. अपमान म्हणूनच घातलेलं ते नाव इंग्रजांच्या कारकुनानंही पासपोर्टावरून जसंच्या तसं उतरवून घेतलं असेल.

वय आठ-नऊ, साल १९४२ च्या आसपास, मुक्काम पुरंदर. नावात 'सारा' आहे का, एवढंच मला बघायचं आहे.

आपली,
नारायणपूरच्या एका दूधवाल्याची पणती