मागील पीक : सिमेंट

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाशिकला सिडकोतल्या दोन खोल्यांत ३२ वर्षं काढून या जानेवारीत आम्ही नवरा-बायको पाथर्डी फाट्याजवळ एका जुन्या रो-हाउसमध्ये राहायला आलो. घर रिसेलचं, १९ वर्षांचं. आमचे हे सातपूरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना घर हवं होतं ते जिन्याखाली लोखंड पकडायचा व्हाइस बसवलेलं टेबल मांडता यावं म्हणून. माझं माहेर निफाडकडचं, काळ्या रानातलं. मी घर बघितलंच नाही, समोरचं १२ बाय १८ फुटांचं अंगण बघितलं आणि हो म्हटलं. हे पत्र त्या अंगणाबद्दल आहे.

सुरुवात मात्र भिंतीपासून झाली. हॉलच्या पुढच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल, रंगाचे पोपडे आणि वर पांढरा लोणा. रंगाऱ्याने वॉटरप्रूफ रंगाचा २८ हजारांचा हिशेब मांडला. मिस्त्री आला तो आत न येता आधी बाहेर गेला. भिंतीला लागून आधीच्या मालकाने हौसेने फुलझाडांचा वाफा केला होता, त्यात त्याने पहार खुपसली आणि म्हणाला, “मावशी, भिंतीला काही झालेलं नाही. वाफा चढलाय.” जोत्यावर ओल अडवायला जो थर घालतात, त्याच्याही वर नऊ इंच माती आली होती. झाडांना घातलेलं पाणी इतकी वर्षं भिंतही पीत होती. वाफा उपसा, भिंत दोन महिने उघडी ठेवा, वाळली की मग प्लास्टर करा, एवढंच त्याने सांगितलं. पैसेही घेतले नाहीत, चहा घेतला.

तर वाफा उपसायला घेतला. वरची सहा-सात इंच लाल माती सहज निघाली. त्याखाली पहार मारली की ठण्ण. विटांचे अर्धुकडे, निळ्या टाइल्सचे तुकडे, वायरीची भेंडोळी, गुटख्याच्या पुड्या, एक मोडकी थापी. आणि एक अख्खी सिमेंटची गोणी. पावसात भिजून गोणीच्या आकाराचा दगड झालेली. वरचं कापड निघून गेलं होतं, पण त्याची वीण आणि तोंडाच्या शिवणीचा दोरा त्या दगडावर जसाच्या तसा उमटलेला. ह्यांनी ती पुसून घेतली आणि टेबलाशेजारी बसायला ठेवली आहे. मला ती अजून बघवत नाही.

मग पूर्ण अंगण खणलं. तीन दिवसांत ६२ घमेली निघाली. मी मोजली, कारण मोजल्याशिवाय राग आवरत नव्हता. शेजारचे काका पहिल्यापासून इथे राहतात. ते म्हणाले, इथे भाजीपाल्याचं रान होतं. बांधकाम सुरू झालं तेव्हा वरची काळी माती डंपरने भरभरून गेली आणि घरं उठल्यावर उरलेला सगळा मलबा अंगणांत दडपून वर लाल मातीची साय ओढली. माहितीपत्रकात त्याला ‘प्रायव्हेट गार्डन’ म्हटलं होतं, तो कागद काकांनी जपून ठेवला आहे. आमच्या ओळीत १४ घरं आहेत. त्यातल्या ११ जणांनी कंटाळून अंगणात पेव्हर ब्लॉक टाकले. “इथे काही येतच नाही हो,” असं प्रत्येक जण सांगतो. येईल कसं?

आधीच्या मालकाचा कढीपत्ता होता, त्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. माहेरी द्राक्षबागेत हे पाहिलेलं असल्यामुळे लोह कमी पडतंय हे कळलं. चुना-सिमेंटमुळे जमीन अल्कधर्मी झाली की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. तरी खात्री करावी म्हणून अर्धा किलो माती घेऊन आम्ही मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलो. चार कोपऱ्यांतून आणि मधून, इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे खड्डे करून, कडेची माती खरवडून, सावलीत वाळवून, सगळं रीतसर. सोबतची चिठ्ठी शेतकऱ्यांसाठी असते. गट नंबर, क्षेत्र, मागील पीक, पुढील पीक. क्षेत्राच्या रकान्यात अंगण लिहिलं. मागील पिकाशी मी अडले तर हे म्हणाले, “लिही, सिमेंट.” लिहिलं नाही, पण परत येताना रिक्षात दोघं हसत होतो. अहवालात सामू, म्हणजे पीएच, ८.९ आला. आमच्याकडची काळी जमीनही आठच्या आसपास असते, पण हे त्याच्याही पुढचं.

आता खरा प्रश्न. ६२ घमेल्यांचं करायचं काय? घंटागाडीत ओला आणि सुका कचरा जातो, दगडविटा नाही, आणि तिने त्या घ्याव्यात असं माझं म्हणणंही नाही. एक ट्रॅक्टरवाला तयार झाला. कुठे टाकणार विचारलं तर म्हणाला, “टाकतो ना ताई नासर्डी नदीच्या कडंला, रात्रीचं.” त्याला परत पाठवला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याकडून पोयट्याची माती मागवली, पाच हजारांना एक ट्रॉली. वरून काळीभोर, सुंदर. ओतली तर पोटातून टाइल्सचे तुकडे निघाले. ह्यांनी एक तुकडा उचलून आमच्या निळ्या तुकड्याशी लावून बघितला. रंग जुळला नाही, एवढंच समाधान.

म्हणजे चक्र असं आहे: रानाची माती विकायची, तिच्या जागी मलबा पुरायचा, मलबा खणणाऱ्याला पुन्हा माती विकायची आणि तिच्यातही मलबा घालायचा. यात प्रत्येक फेरीला पैसे देणारा एकच.

कायदा नाही असं नाही. केंद्राने २०१६मध्ये बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी वेगळे नियम केले. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त मलबा निघत असेल तर त्याचं वर्गीकरण आणि खर्च ही त्याच बांधकामवाल्याची जबाबदारी धरली होती. घरटी निघणाऱ्या थोड्या मलब्यासाठी जागा नेमून देण्याचं काम स्थानिक संस्थांकडे दिलं होतं. २० हजार चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते. तिथे वरची माती बाजूला साठवून झाडांसाठी परत वापरण्याची अटही बहुधा असते. पण १४ घरांची ओळ या कुठल्याच मापात बसत नाही. आणि आपल्याकडच्या उपनगरांत अशा ओळीच जास्त.

म्हणून मागणी दोनच. लहान प्रकल्पालाही पूर्णत्वाचा दाखला देण्याआधी अंगणात दोन ठिकाणी दोन फुटांचे खड्डे घेऊन बघावेत. अर्ध्या तासाचं काम आहे, पहार आम्ही देऊ. आणि शहर कुठलंही असो, प्रभागात एक जागा अशी असावी, जिथे माणसाने दहा-वीस गोण्या स्कूटरवरून नेऊन, पावती घेऊन, दिवसाढवळ्या टाकाव्यात.

आमचं म्हणाल तर ह्यांनी वाळूच्या चाळणीतून सगळं चाळलं. मोठे तुकडे गच्चीच्या पावसाच्या पाण्यासाठी केलेल्या शोषखड्ड्यात आणि पायवाटेखाली गेले. वाफा आता भिंतीपासून तीन फूट लांब आणि जोत्याच्या खाली आहे. शेणखत घातलं, कढीपत्त्याला लोहासाठी हिराकस दिला, जूनमध्ये सगळ्या अंगणात हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला. तो आता छातीएवढा झालाय, पहिली पिवळी फुलं दिसताहेत, या रविवारी कापून तिथेच गाडायचा. शेजारणी विचारतात, एवढं वाढवून मारता कशाला? डाळिंब आणि शेवगा त्यानंतर. मोगऱ्याला अजून वर्षभर थांबायला सांगितलं आहे.

चाळणीखाली उरलेला सिमेंटचा बारीक चुरा मात्र कशाच्याच कामाचा नाही. त्याच्या ११ गोण्या तोंडं शिवून जिन्याखाली रचून ठेवल्या आहेत. आल्यागेल्याला वाटतं, भाव यायची वाट बघत आम्ही कांदा भरलाय.

आपली एक वाचक,
पाथर्डी फाटा, नाशिक