तांब्याच्या भावामागचं शहर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या व्यापार पानावरचा तांब्याचा भाव मी रोज बघतो. अंबडला मोटार रिवाइंडिंगचा धंदा, बघावाच लागतो. पण तांबं जिथून निघतं त्या गावांबद्दल आपल्याकडे एक ओळ छापून येत नाही.

काँगोमधलं लुबुंबाशीच घ्या. बेल्जियन राज्यकर्त्यांनी १९१० साली ते खाणींसाठी वसवलं, नाव ठेवलं एलिझाबेथविल. त्याच वर्षी दक्षिणेकडून रेल्वे पोचली. रस्ते काटकोनात आखले आणि गोऱ्यांची वस्ती व आफ्रिकी कामगारांची वस्ती यांच्यामध्ये मोकळा पट्टा सोडला. कारण काय, तर म्हणे आरोग्य! तांब्याच्या भट्टीचं उंच धुराडं आणि शेजारचा काळ्या धातुमळीचा डोंगर ही आजही शहराची खूण आहे.

१९६० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि अकरा दिवसांत हे शहर ज्यात आहे तो कटांगा प्रांत फुटला. खाण कंपनीचा त्याला भक्कम आधार होता. देशाचे पहिले पंतप्रधान लुमुंबा यांना जानेवारी १९६१ मध्ये याच शहराजवळ गोळ्या घातल्या.

त्याच वर्षी ५ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतले आपले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया इथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. देवळालीची छावणी उशाशी असलेल्या नाशिकमध्येसुद्धा हे किती जणांना ठाऊक आहे?

रविवारच्या पुरवणीत पाककृतींची दोन पानं असतात. त्यातलं अर्धं पान महिन्यातून एकदा अशा शहरांना द्यावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, अंबड, नाशिक