टपाल दिनाच्या लेखात संपाचा उल्लेख हवा होता

महोदय,

टपाल दिनाच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत पोस्टमनवर आलेला लेख वाचला. खाकी गणवेश, सायकलची घंटी, म्हाताऱ्यांना पत्र वाचून दाखवणारा आणि प्रसंगी उत्तरही लिहून देणारा माणूस, हे सारे त्यात होते आणि त्यात खोटे काही नाही. परंतु मी स्वतः छत्तीस वर्षे बटवडा केला आहे, माझे वडीलही मुंबईत पोस्टमन होते, आणि दर ऑक्टोबरला असा लेख वाचताना एक गोष्ट खटकते ती या वेळी लिहून कळवत आहे. त्या खाकी गणवेशातल्या माणसाला पगार किती होता आणि तो वाढला कसा, हे या लेखांत कधीच येत नाही. त्यात पोस्टमन नेहमी हसतमुख असतो. तो कधी सभेला जात नाही, वर्गणी भरत नाही आणि संप तर करतच नाही.

वास्तविक ११ जुलै १९४६ रोजी पोस्टमननी देशभर काम बंद केले होते. ज्या संघटनेने हा संप पुकारला तिचे नाव ‘ऑल इंडिया पोस्टमेन अँड लोअर ग्रेड स्टाफ युनियन’ असे होते, आणि त्या नावातच खात्याची उतरंड दिसते. टेबलावर बसणाऱ्या कारकुनांची संघटना वेगळी. पोस्टमन, पॅकर, रनर ही सारी ‘खालची श्रेणी’, म्हणून त्यांची संघटना वेगळी. युद्धाच्या काळात महागाई भडकली, पगार मात्र तिच्या मागे फार लांब राहिला, आणि सर्वांत कमी पगाराच्या माणसांनीच प्रथम नोटीस दिली. संघटनेचे अध्यक्ष व्ही. जी. दळवी होते. पुढे तार खात्यातले आणि इतर श्रेणींतले कर्मचारीही संपात उतरले, म्हणजे या वेळी वरच्या श्रेणीला रस्ता दाखवला तो खालच्या श्रेणीने.

या संपाला पाठिंबा म्हणून २९ जुलै रोजी कलकत्त्यात सार्वत्रिक हरताळ झाला आणि हिंदू व मुसलमान कामगार एकत्र रस्त्यावर आले. त्याच दिवशी मुंबईत मुस्लिम लीगच्या परिषदेने पाकिस्तानच्या मागणीसाठी ‘प्रत्यक्ष कृती’चा ठराव संमत केला, आणि त्यानंतर अठराच दिवसांनी, १६ ऑगस्टला, त्याच कलकत्त्यात भीषण कत्तल सुरू झाली. (ज्यांच्या नेतृत्वाखाली हा ठराव झाला ते बॅरिस्टर जिना १९२० च्या दशकात टपाल कर्मचाऱ्यांच्या अखिल भारतीय संघटनेचे अध्यक्ष राहिले होते, ही गोष्ट आज फार थोड्यांच्या स्मरणात असेल.) पुस्तकांत १६ ऑगस्टला पानेच्या पाने मिळतात, २९ जुलैला मात्र एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ.

जवळजवळ चार आठवडे टपाल बंद होते. याची झळ कोणाला बसली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वडिलांची बीट, म्हणजे बटवड्याचा ठरलेला भाग, गिरणगावातल्या चाळींची होती. तिथल्या एकेका खोलीत आठ-दहा गिरणी कामगार राहत, आणि पगार झाला की कोकणात व घाटावर मनीऑर्डर करत. संपात ती मनीऑर्डरच थांबली. ऐन पावसाळ्याचे, लावणीचे दिवस. गावाकडच्या बायकांनी वाण्याकडून उधारीवर तांदूळ आणले आणि चिठ्ठी नाही, पैसे नाहीत, म्हणून माणूस बरा आहे की नाही याच काळजीत राहिल्या. ज्या चाळीत रोज चहा मिळे, तिथून जायची त्या दिवसांत लाज वाटत असे, असे वडील सांगत. तरीही एकाही बिऱ्हाडाने आपल्याला तोंडावर बोल लावला नाही, हेही ते आवर्जून सांगत. गिरणी कामगाराला संप म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नव्हते. कामावर परतल्यावर पहिले काही दिवस थैल्यांवरच्या लाखेच्या मोहरा फोडून फोडून बोटांची सालटे निघाली होती, आणि महिनाभराची पत्रे एकाच दारात गठ्ठ्याने द्यावी लागत होती. एका घरात आजारपणाचे पत्र आणि निधनाचे पत्र त्यांनी एकाच दिवशी, एकाच हाताने दिले. तो प्रसंग त्यांनी मला एकदाच सांगितला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संप मिटला. सगळ्या मागण्या पदरात पडल्या नाहीत, पण पुष्कळ पडल्या. टपाल खात्याच्या तंट्यात लवाद म्हणून काम पाहिलेले न्या. जी. एस. राजाध्यक्ष हे मुंबई उच्च न्यायालयाचे; पुढे पहिल्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष म्हणून आपल्या व्यवसायाला ते ठाऊक आहेतच. १९४७ मध्ये पहिल्या वेतन आयोगाने किमान वेतन महागाई भत्त्यासह ५५ रुपये ठरवले. हा आयोग पोस्टमनच्या संपामुळे आला असे मी म्हणणार नाही, कारण तो संपाआधीच, मे १९४६ मध्ये, नेमला गेला होता आणि त्या वर्षी रेल्वेपासून नौदलापर्यंत सगळीकडेच असंतोष होता.

त्यानंतरच्या काळाविषयी थोडक्यात लिहितो. १९५४ मध्ये टपाल-तार खात्यातल्या नऊ संघटना एका राष्ट्रीय महासंघाखाली आल्या. १९६० च्या जुलैत केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा पाच दिवसांचा संप झाला, ज्याच्या संयुक्त कृती समितीचे नेतृत्व आपल्या एस. एम. जोशींकडे होते, आणि १९ सप्टेंबर १९६८ रोजी एक दिवसाचा लाक्षणिक संप झाला. दोन्ही वेळा सरकारने वटहुकूम काढले, अटक आणि निलंबने केली व संघटनांची मान्यता काढून घेतली. मान्यता गेली म्हणजे नेमके काय होते, हे बाहेरच्यांना कळत नाही: संघटनेच्या पत्राला उत्तर येत नाही, बैठकीचे बोलावणे येत नाही आणि कचेरीतला सूचनाफलकही जातो. एप्रिल २०२३ मध्ये टपाल खात्याने सर्वांत मोठ्या महासंघाची मान्यता काढून घेतली, तेव्हा इतर आरोपांबरोबर शेतकरी आंदोलनाला ३०,००० रुपये दिल्याचे कारण सांगितले होते. आम्हा जुन्या माणसांना त्यात कारण तेवढे नवे वाटले.

‘खालची श्रेणी’ हा शब्द कागदावरून गेला, पण श्रेणी गेलेली नाही. खेड्यातले शाखा टपाल कार्यालय चालवणारा आणि वाड्यावस्त्यांवर टपाल नेणारा माणूस पूर्वी ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ म्हणजे खात्याबाहेरचा म्हणवला जाई. आता त्याला ग्रामीण डाक सेवक म्हणतात. त्याचे पद हे सरकारी नागरी पद आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितले, तरी तो नियमित सेवेत नाही. त्याच्यासाठी राजन, सवूर, तलवार, नटराज मूर्ती, कमलेश चंद्र अशा समित्यांमागून समित्या झाल्या. शेवटच्या समितीचा अहवाल दीड वर्ष पडून राहिला, म्हणून मे २०१८ मध्ये हे सेवक संपावर गेले आणि सोळाव्या दिवशी मंत्रिमंडळाने निर्णय घेतला: रोज चार तास काम असलेल्या डाक सेवकाला दरमहा किमान १०,००० रुपये, पाच तासांच्या शाखा डाकपालाला १४,५००. कागदावरचे हे चार-पाच तास आमच्या गावच्या डाकपालाच्या बाबतीत सकाळी नवाला सुरू होतात आणि डोंगरावरच्या शेवटच्या वाडीत निराधार योजनेचे पैसे पोचवून तो परत येईपर्यंत दिवस कलतो.

तेव्हा पुढच्या लेखात सायकलच्या घंटीबरोबर ११ जुलैची तारीखही यावी, एवढीच विनंती आहे. वडिलांच्या पेटीत संघटनेच्या वर्गणीची १९४६ ची एक पावती सापडली आहे. चार आण्यांची आहे, शाई उडाली आहे, पण वडिलांचे नाव आणि बीट क्रमांक वाचता येतो. तिची छायाप्रत सोबत जोडली आहे. छापता आली तर पाहावी. अशा पावत्या आणि हस्तपत्रके आणखी काही घरांत असतील, ती रद्दीत जाण्यापूर्वी कोणी कळवली तर मी स्वखर्चाने येऊन त्यांच्या प्रती करून घेईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिलेला आहे.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन