शंभरीचे साप्ताहिक आणि विस्मृतीतला संपादक

महोदय,

'विर्टशाफ्ट्सवोखे' या जर्मन अर्थविषयक साप्ताहिकाचे मूळ 1926 मध्ये बर्लिनला सुरू झालेल्या 'डेअर डॉइचे फोल्क्सविर्ट'मध्ये आहे. त्याचे संस्थापक गुस्ताव श्टोल्पर मूळचे व्हिएन्नाचे. पत्नी टोनी संपादनात त्यांच्याबरोबर होत्या. योझेफ शुम्पेटरसारखा मोठा अर्थशास्त्रज्ञ तिथे नियमित लिहीत असे. चलनवाढीने 1923 मध्ये लोकांची आयुष्यभराची बचत मातीमोल झाली होती. अशा वाचकाला अर्थकारण समजावून देणे हे केवढे मोलाचे काम! 1930 मध्ये श्टोल्पर संसदेवरही निवडून गेले. पण 1933 मध्ये नाझी सत्तेवर आले, आणि ज्यू असलेल्या या संपादकाला साप्ताहिक सोडून अमेरिका गाठावी लागली. 1947 मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे निधन झाले.

युद्धानंतर 'डेअर फोल्क्सविर्ट' म्हणून ते पुन्हा निघाले आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आजचे नाव रूढ झाले. आता ते ड्युसेलडॉर्फच्या हांडेल्सब्लाट समूहाकडे आहे. 1926 पासून मोजले, तर 2026 हे त्याचे शंभरावे वर्ष. त्यानिमित्त आपल्या अर्थविषयक पानावर श्टोल्पर दांपत्यावर सविस्तर लेख यावा, ही मनापासून विनंती.

– एक नियमित वाचक, पुणे