एसीतला गॅस संपत नाही, गळतो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या घरच्या एसीत लागोपाठ तीन उन्हाळे गॅस भरला. दर वेळी मेकॅनिक यायचा, दोन मिनिटे गेज लावायचा आणि म्हणायचा, "गॅस संपलाय, भरून देतो." महिना-दोन महिने खोली गार व्हायची, मग पुन्हा तीच कोमट हवा. चौथ्या वर्षी दुसऱ्या ठेकेदाराचा माणूस आला. त्याने उरलासुरला गॅस काढून घेतला, नळीत नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहिले आणि एकेका सांध्यावर साबणाचे पाणी लावले. इनडोअर युनिटमागच्या नटापाशी बुडबुडे आले. बसवतानाच तांब्याच्या नळीचे तोंड नीट फुलवले गेले नव्हते. म्हणजे तिन्ही वर्षे आम्ही पैसे मोजून तो गॅस हवेत सोडत होतो.

एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता जो गॅस भरून देतो, त्याला मी पुन्हा घरात घेणार नाही. हे गॅस वातावरणालाही घातक आहेत. जुन्या एसीतल्या आर-22 या गॅसने ओझोनच्या थराची हानी होते. त्यानंतरचा आर-410ए ओझोनला धक्का लावत नाही, पण त्याचा 1 किलो तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2,000 पट उष्णता धरून ठेवतो.

गळती बंद केल्यावर त्या माणसाने व्हॅक्यूम पंप लावला. किती वेळ चालवणार, असे मी विचारले. तो म्हणाला, "घड्याळ बघून नाही, मीटर बघून. पाचशे मायक्रॉनच्या खाली जाऊन तिथेच थांबलं पाहिजे." मायक्रॉन म्हणजे नळीत उरलेला दाब मोजायचे एकक. नळीत हवा किंवा ओल राहिली की कॉम्प्रेसरमधले तेल खराब होते आणि शेवटी कॉम्प्रेसर जातो. मग युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस त्याने काट्यावर मोजून भरला. आधीच्या तिघांपैकी एकाकडेही काटा नव्हता.

नवे युनिट घेतानाही हाच फरक दिसतो. खोलीत पाऊल न टाकता फोनवरच "दीड टन घ्या" म्हणणाऱ्याला काम देऊ नये. टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. एक टन बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी खोलीतून काढण्याची क्षमता, म्हणजे तासाला 12,000 बीटीयू (उष्णता मोजायचे एकक), सुमारे साडेतीन किलोवॉट. ती किती लागेल हे खिडक्या कोणत्या दिशेला आहेत, वर उघडे छत आहे का, खोलीत माणसे किती, यावर ठरते. "मोठंच घ्या, चिंता नको" हा सल्ला तर साफ चुकीचा. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटकन गार करून थांबते, हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही आणि खोली गार असूनही चिकट राहते.

घर गरम करणारी गॅसची भट्टी असेल तर प्रश्न जिवाचा आहे. तिच्या धुरात येऊ शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ज्वाला नुसती डोळ्यांनी पाहून "ठीक आहे" म्हणणाऱ्यावर विसंबू नये. धुरातला वायू उपकरणाने मोजणाराच बोलवावा.

तो माणूस जाताना एका कागदावर नायट्रोजनचा दाब किती वेळ टिकला, व्हॅक्यूम किती मायक्रॉनपर्यंत उतरला आणि गॅस किती ग्रॅम भरला, हे लिहून देऊन गेला. माझी कळकळीची सूचना आहे की, प्रत्येक ठेकेदाराने बिलासोबत अशी नोंद देणे सक्तीचे करावे, आणि तोवर आपण ग्राहकांनी ती हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपली,
एक नियमित वाचक