आई-अण्णा, शेत विकायचं नाही

प्रिय आई आणि अण्णा,

नमस्कार. फोनवर बोलायला घेतलं की आई रडते आणि अण्णा "बरं बरं, ठेव आता" म्हणतात, म्हणून माझ्या कर्जाचं सगळं लिहूनच काढतोय. दादाच्या हाती प्रिंट पाठवलीय, अक्षर मोठं ठेवलंय. चष्मा लावून दोघांनीच वाचा, शेजारच्या कुणाकडून वाचून घेऊ नका.

आधी आईनं भाजणीत लपवून पाठवलेल्या सोन्याच्या पाटल्यांचं. काल संध्याकाळी थालीपीठं लावायला हिनं भाजणीचा डबा उघडला आणि चमचा मध्येच अडकला. आई, तुझ्या हिरव्या लुगड्याचा तुकडा आम्ही लगेच ओळखला. गाठ सैल झाली होती त्यामुळे नक्षीत सगळं पीठ बसलं होतं, हिनं चिऊच्या जुन्या ब्रशनं अर्धा तास बसून ते काढलं आणि तेवढा वेळ एक शब्द बोलली नाही. ताईच्या लग्नात साबण लावूनसुद्धा निघाल्या नव्हत्या त्या पाटल्या. आता कशा निघाल्या गं? एवढे हात वाळलेत का तुझे? मला रात्रभर तेच डोळ्यासमोर येत होतं.

दादाकडून हेही कळलं की अण्णांनी ओढ्याकडच्या शेताच्या तुकड्याचा भाव काढायला सांगितलाय. म्हणून जे झालंय ते आजच सांगतो, रागावू नका, आधी शेवटपर्यंत वाचा. मोशीचा फ्लॅट आम्ही विकलाय. 58 लाखाला ठरला, इसार घेतला, साठेखत झालं, पुढच्या महिन्यात खरेदीखत. तुम्हाला न विचारता केलं हे चुकलं माझं, पण विचारलं असतं तर तुम्ही आधी शेत काढलं असतं, मला माहितीय.

अण्णा, तुम्हाला हिशोब लागतो म्हणून हिशोब देतो. तीन क्रेडिट कार्डांवर मिळून 7 लाख 40 हजार. दोन पर्सनल लोन, त्यांचे 11 लाख 60 हजार. मोबाईलवरच्या ॲपवाल्यांचे 1 लाख 10 हजार आणि मामांकडचे 2 लाख. सगळे मिळून 22 लाख 10 हजार, आणि घराच्या कर्जाचे 33 लाख वेगळे. पगार हातात येतो 84 हजार आणि सगळे हप्ते मिळून महिन्याला जायचे 1 लाख 9 हजार, म्हणजे किराणा आणायच्या आधीच 25 हजार कमी, मग ते परत कार्डावरच. सगळ्यात वाईट कार्डाचंच. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे 25 हजार 900, त्या व्याजावर परत 18 टक्के जीएसटी, झाले साडेतीस हजार. मी 37 हजार भरायचो आणि मुद्दल फिटायचं साडेसहा हजार. शिवाय मागची बाकी असली की नवीन खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. दोन वर्षं मी हे असं ओढत होतो.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात जड जातेय. अण्णा, तुम्ही परवा विचारलंत, गुडघ्याच्या ऑपरेशनला खरंच कंपनीचा विमा होता का. नव्हता. फेब्रुवारी 2023 मध्ये नोकरी गेली आणि नोकरीबरोबर कंपनीचा मेडिक्लेमही गेला, ऑपरेशन जूनमध्ये होतं. 2 लाख 90 हजार मी कार्डावर भरले आणि तुम्हाला विम्याचं सांगितलं. पण तुम्ही जे मनात घेऊन बसलाय ना, की "माझ्या गुडघ्यापायी पोरगं बुडालं", ते काढून टाका. 22 लाखातले ते पावणेतीन-तीन लाख. बाकीचे मी नोकरी नसताना हप्ते चालू ठेवायला घेतले, सोसायटीत कुणाला कळू नये म्हणून घेतले, त्या दिवाळीला सगळ्यांना कपडे घेऊन आलो ना, तेही त्यातलेच. दहा महिने मी घरी बसून होतो आणि तुम्हाला "वर्क फ्रॉम होम आहे" म्हणत होतो. डिसेंबरात नवीन नोकरी लागली ती कमी पगारावर, तेव्हाच फ्लॅट काढला असता तर निम्म्यात भागलं असतं. चूक ती आहे. गुडघ्यांचा काही दोष नाही. आई म्हणाली तुम्ही परवा बांधावरून पाणी बघायला एकटे गेलात आणि काठी घरी विसरलात, ते ऐकून मला किती बरं वाटलं तुम्हाला सांगता येणार नाही. उद्या परत वेळ आली तर परत करीन ते ऑपरेशन.

दुसरे मार्ग पाहिलेच नाहीत असं नाही. घराच्या कर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, घेऊन बाकीची फेडावीत म्हणून बँकेत गेलो, पण हप्ते चुकल्यानं सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचे मार्क, 612 वर आलाय, नाही म्हणाले. सेटलमेंट करून देणारे फोनवर मागं लागले होते, हप्ते भरणं थांबवा, थकू द्या, मग निम्म्यात मिटवून देतो आणि आमची फी आधी भरा. त्यात सिबिलवर "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि वर्षानुवर्षं राहतो, पुढं चिऊच्या शिक्षणाला कर्ज मागायला गेलो तर तोच शेरा समोर. वकिलांना नादारीचं, म्हणजे दिवाळखोरीचंही विचारलं. 2016 चा नवीन कायदा आहे पण साध्या नोकरदार माणसासाठीचा त्याचा भाग अजून लागूच झालेला नाही, आमच्यासारख्यांना 1920 चा जुना कायदा आणि जिल्हा कोर्टाच्या चकरा. सोनंतारण स्वस्त पडलं असतं हे खरंय, कार्डाच्या व्याजाच्या मानानं काहीच नाही. पण सोन्याच्या किमतीपेक्षा कमीच पैसे मिळणार, त्यानं एक कार्ड मिटलं असतं आणि दर महिन्याची 25 हजाराची तूट तशीच राहिली असती, आणि वर्षाभरात पाटल्याही गेल्या असत्या. तुझ्या हातातल्या वस्तूवर मी ते करणार नाही आई.

आणि शेत. अण्णा, कारखान्याची पेन्शन महिन्याला किती येते ते मला माहितीय. ऊसबिल येतं म्हणून तुमचं घर चालतं, कुणापुढं हात पसरावा लागत नाही. पतपेढीच्या जामिनाचं घरात परत काढायचं नाही असं आपलं ठरलंय, तरी एवढंच म्हणतो की त्या वेळी तुम्ही दोन वर्षं डबल ड्युटी केली पण तुकड्याला हात लावला नाही. मग माझ्यासाठी का लावताय?

फ्लॅटचं मात्र गणित बसतं. घराचं कर्ज फ्लॅट घेणाऱ्याची बँक परस्पर फेडणार, त्याला मुदतीआधी फेडल्याचा दंड नाही. पर्सनल लोनला आहे, साधारण 55 हजार, दलालाचे 58 हजार. टॅक्सचं सीएनी पाहिलं, 2019 ची खरेदी असल्यानं खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायच्या जुन्या पद्धतीनं टॅक्स काही बसत नाही. सगळं देऊन हातात पावणेदोन लाख राहतात, त्यातच नवीन घराचं डिपॉझिट. तिन्ही कार्डं बंद करतोय, प्रत्येकाकडून नो ड्यूजचं, म्हणजे काही देणं नसल्याचं पत्र घेतल्याशिवाय हलणार नाही.

भाड्याचं घर बघून ठेवलंय, साडेचौदा हजार, वन बीएचके, चिऊची शाळा तीच, रिक्षावाले काका तेच. तळमजला मुद्दाम घेतला अण्णांसाठी. कमोड आहे. बेडरूमला सकाळचं ऊन येतं, तुम्ही आलात की तिथं तुम्ही झोपायचं, आम्ही हॉलमध्ये, यावर वाद नको. पाणी दोन वेळा येतं. गॅलरी लहान आहे पण तुळस बसते, मी टेपनं मोजलंय. वास्तुशांतीला अण्णांनी कराडहून करून आणलेली पितळी पाटी मी स्वतः स्क्रू काढून उतरवली, चिंच लावून घासली, नव्या दाराला तीच लागणार. घर गेलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मला वाटलं, नाही असं नाही, चिऊची उंची लिहिलेली भिंत आहे तिथं. पण दोन वर्षांनी पहिल्यांदा मी परवा रात्री सलग झोपलो.

अण्णा, तुम्ही दुधाचा खाडा कॅलेंडरवर लाल पेननं गोल करायचा आणि महिनाअखेरीला मला मांडीवर घेऊन ते गोल मोजायला लावायचा. कारखान्याचा भोंगा झाला की मी फाटकाशी येऊन थांबायचो, सायकलच्या नळीवर टॉवेलची घडी घालून तुम्ही मला बसवायचा आणि तुमच्या शर्टाच्या कॉलरला मळीचा वास यायचा. या महिन्यापासून मीपण कॅलेंडर लावलंय स्वयंपाकघरात. रोजचा खर्च रोज लिहितोय, चिऊ बेरीज करते.

आता नीट ऐका दोघांनी. त्या रात्री नऊ वाजता वसुलीवाल्याचा फोन घरी आला आणि अण्णा त्याला "हो साहेब, देतो साहेब" म्हणत होते असं आई म्हणाली, ते मला फार लागलं. परत आला तर उचलायचा नाही. उचललाच तर "मुलाशी बोला" म्हणून ठेवायचा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांना फोन करता येत नाही, रिझर्व्ह बँकेनं 2022 च्या परिपत्रकात तसं सांगितलंय, मी त्या कंपनीला लेखी तक्रार दिलीय. तुम्ही माझ्या कुठल्याही कर्जाला जामीन नाही, सहकर्जदारही नाही, तुमच्याकडून एक रुपया मागायचा कुणाला हक्क नाही. घरी कुणी आलं तरी कागदावर सही करायची नाही अण्णा, कितीही गोड बोलला तरी. आलेला ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. आणि कर्ज थकलं म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत, रात्री जागत बसू नका. चेक बाउन्स झाला तर ते प्रकरण वेगळं असतं, तसा चेक मी कुणालाही दिलेला नाही.

आई, बीपीची गोळी अर्धी करून खातेस हे मला दादानं सांगितलंय. अर्धी गोळी अजिबात चालणार नाही. पूर्ण खायची, रोज, चहाच्या आधी. या महिन्याच्या गोळ्या दादाबरोबर पाठवल्यात, पाकीट मोजून ठेवलंय, मी आलो की परत मोजणार. महिन्याचे सहा हजार पहिल्यासारखेच पाच तारखेला येतील, ते कधीच थांबणार नव्हते. इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची आहे ती बदला. पेपर बंद केलाय असं कळलं, उद्यापासून परत चालू करा. अण्णांनी गार पाण्यानं आंघोळ करायची नाही, बंब पेटवायचा कंटाळा आला तर हीटर लावा, लाइटबिलाचा विचार करू नका.

शेताच्या दलालाला फोन करून नको म्हणून सांगा. आजच सांगा.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं मी एकटाच येतोय, पाटल्या माझ्याजवळच असतील, पिशवीत ठेवणार नाही, शर्टाच्या आतल्या खिशात. मीच घालीन तुझ्या हातात. स्वयंपाक काही विशेष करू नकोस, भाकरी आणि लसणाची चटणी पुरे. भाजणी आम्ही ठेवून घेतलीय, संपत आलीय, तेवढी परत करून ठेव.

तुमचा,
बाळू